चोविसाव्या फेरीची घंटा

...आणि वर मलाच समजावतात, 'जाऊ दे रे फिरमिन, चूक कोणाच्या हातून होत नाही?' अहो, पावात मीठ कमी पडलं तर ती चूक, जावयाचं नाव विसरलो तर ती चूक... इथे पंचवीस मोजायचे होते हो, पंचवीस! काय अवघड आहे त्यात? चाळीस वर्षं बेकरी चालवली मी. डझनाला कधी तेरा पाव गेले असतील, पण अकरा? एक गिऱ्हाईक समोर आणून दाखवा.

बरं, मैदानावरही मी काही काल आलेला नाही. आमच्या क्लबात एकतीस वर्षं दहा हजार मीटरच्या पंचवीस फेऱ्या मीच मोजायचो. खुर्ची माझी, पाटी माझी, घंटा माझी. अस्सल पितळेची, आदल्या दिवशी व्हिनेगरने घासून ठेवायचो. शेवटची फेरी सुरू झाली की वाजवायची, इतकंच काम. आता तुम्ही विचाराल, विजेची पाटी नव्हती का? येत होती की! सभेत ठराव आला होता. मीच उभा राहिलो आणि म्हणालो, 'मी असताना वीज कशाला?' टाळ्या पडल्या हो... टाळ्या.

जुलैतली संध्याकाळ. आमच्याकडे चहूबाजूंनी पॉपलरची झाडं, वारा म्हणून लागत नाही, म्हणून अख्ख्या युरोपातून मंडळी येतात. पहिला नंबर कोणाला हवा असतो? त्यांना हवी असते वेळ. तीस मिनिटं चाळीस सेकंदांच्या आत आलात तर ऑलिम्पिक, नाहीतर घरी. त्यासाठी खास दिवे आणले होते भाड्याने. धावपट्टीच्या आतल्या कडेला हिरवे दिवे ठरलेल्या वेगाने पुढे पुढे पेटत जातात, पळणाऱ्याने त्यांना धरून राहायचं. म्हणजे बघा, वेग सांगायला दिवे आणि फेऱ्या सांगायला मी.

आणि आमची लिसेलोत. शेजारच्या गावची, इस्पितळात नर्स, रात्रपाळी करून सकाळी पळणारी पोरगी. वय तेहेतीस. दोनदा अगदी थोडक्यात राहिली होती. मला आधी येऊन म्हणाली, 'फिरमिनकाका, या वेळी नाही जमलं तर बूट टांगणार.' मी म्हटलं, 'तू पळ गं, बाकीचं माझ्याकडे सोड.' माझ्याकडे सोड म्हणे!

झालं काय, बुटांच्या कंपनीने आठ जणींना एकसारखे नारिंगी बनियन वाटलेले. सोळा फेऱ्या झाल्या, लिसेलोत सगळ्यांच्या पुढे, दिव्यांच्या अगदी जोडीने. मी पाटीवर उरलेल्या फेऱ्या लावल्या, नऊ. आणि तेवढ्यात आमची क्लोतिल्द, म्हणजे माझी बायको, कठड्यावरून ओरडते, 'अहो, बटाट्याच्या कापांवर मेयोनीज घालू की वेगळं आणू?' आता हा काय प्रश्न झाला? सदतीस वर्षं संसार केलाय आम्ही! मी मागे वळलो, म्हटलं, 'वेगळं!' पुन्हा समोर बघतो तर नारिंगी बनियन, लिसेलोतसारखीच पिवळी वेणी, रेषेवरून चाललेली... उलटली पाटी. आठ. ती होती मागे पडलेली दुसरीच कोणीतरी. लिसेलोत अजून पलीकडच्या वळणावर होती. पंचवीस मोजायचे होते हो, पंचवीस! आणि मी मेयोनीजला उत्तर देत बसलो.

पुढे सगळं सुरळीत. सात, सहा, पाच... चूकसुद्धा मी अगदी नीट मोजली. आणि मग दिली घंटा. अशी दिली की पॉपलरवरचे कावळे उडाले. पोरगी सुटली! दिवे मागे टाकले, लोक बाकांवर चढले, मी तर रडत होतो आनंदाने. तिचा प्रशिक्षक पलीकडून हात हलवत काहीतरी ओरडत होता, मला वाटलं, तोही रडतोय. ती रेषेवर आली आणि आडवी पडली.

आणि मग ते दिवे आले. हिरवे. तिच्या कानाजवळून गेले... आणि थांबले नाहीत हो. पुढे निघून गेले.

आमच्या मुख्य पंच होदेलीव्हबाई शांतपणे म्हणाल्या, 'फिरमिन, किती झाल्या?' तोवर प्रशिक्षक धावत आला, 'ऊठ, एक राहिली, एक राहिली!' ती उठली. अहो, उठली आणि पळाली. कशी पळाली ते मी बघितलं नाही, मी घंटा टेबलाखाली लपवत होतो. चार सेकंदांनी गेलं. चार! त्यानंतर तिने खरंच बूट टांगले.

मी माफी मागायला गेलो? नाही गेलो. तीन पत्रं लिहिली, तिन्ही फाडली. तिची गाडी दिसली की मी गल्ली बदलायचो. क्लबाने काही बोल लावला नाही, नुसती विजेची पाटी आणली. घरी रात्री उताणा पडून छताकडे बघत मोजायचो. पंचवीस हो, पंचवीस! अंथरुणात दर वेळी बरोबर यायचे.

आणि परवा, चार वर्षांनी, ती दुकानात आली. मनुक्यांचा पाव घ्यायला, कडेवर पोर. दुकानात आम्ही दोघंच, पळणार कुठे? मी सगळं ओकून टाकलं. बनियन, वेणी, मेयोनीज, पत्रं. म्हटलं, 'पोरी, शिव्या दे, पण एकदा काय ते बोलून टाक.'

तिने पोर दुसऱ्या कडेवर घेतलं. मग म्हणते, 'काका, मला माहीत होतं.'

'काय माहीत होतं?'

'एक फेरी राहिलीय ते. मीही मोजत होते ना. पण पायांत काही उरलं नव्हतं, आणि तुम्ही घंटा इतक्या जोरात दिलीत... मला वाटलं, मीच चुकले असेन. फिरमिनकाका कसे चुकतील?'

पाव घेतला, पोराचा हात धरून मला टाटा करायला लावला आणि गेली.

तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षांत माझ्यावर इतका विश्वास कोणी ठेवला नव्हता. बायकोनेसुद्धा नाही. आणि ठेवला तो नेमका त्या दिवशी.