कड घासलेली पदकं

...आणि वर मलाच विचारतात, "कपाटात डांबरगोळ्या कुणी ठेवल्या?" आता तुम्हीच सांगा, कपाट माझं, लोकरी कपडे माझे, मग गोळ्या मी नाही ठेवणार तर काय पोस्टमन येऊन ठेवणार? पण नाही, त्या वासाचा पदकांना त्रास होतो म्हणे. पदकांना! मला गेली पस्तीस वर्षं होतोय त्याचं काय... जाऊ दे, मी काही बोलत नाही.

तुम्हाला सांगते, आमचे हे वजनमापे खात्यात निरीक्षक होते. दिवसभर दुकानदारांचे तराजू तपासायचे आणि घरी आले की स्वतःचा छोटा तराजू काढून बसायचे. जुनी फौजी पदकं, टोपीवरचे बिल्ले, खांद्यावरची पितळी अक्षरं, मिळेल ते आणायचं, वजन करायचं, वहीत चिकटवलेल्या चित्राशी ताडून बघायचं. बरं, आणलं ते आणलं, ठेवायचे किती नखरे असावेत? प्लॅस्टिकच्या पिशवीत नको, चिकटतं. रबरबँड नको, चांदी काळी पडते. वर्तमानपत्र नको, लाकडी खोकं तर अजिबात नको, लाकूड वाफ सोडतं. मग ठेवायचं कुठे, तर माझ्या लोखंडी कपाटात, एकेक वेगळ्या कागदी पाकिटात! आणि बुटांच्या खोक्यात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या असतात ना, त्या मागायला हे बुटांच्या दुकानात जातात. दुकानदार बिचारा उठून म्हणतो, "या काका, कुठला नंबर दाखवू?" हे म्हणतात, "बूट राहू देत, पुड्या आहेत का?" मी बाहेर उभी राहते, ओळख नसल्यासारखी.

एकदा हे परगावी गेले होते, तेव्हा मी बारा पदकं भांड्यांच्या पावडरीने घासून लख्ख केली. म्हटलं, खूश होतील. आले, पाहिलं आणि खुर्चीत बसले. म्हणाले, "हा मळ नव्हता गं. त्यांचं वय होतं ते." दोन दिवस धड जेवले नाहीत.

पाहुणा आला की त्याच्या हातात पदक आणि भिंग. पाहुणा भला माणूस, पदकावरचा मुकुट बघतो, सिंह बघतो, वा वा म्हणतो. हे लगेच, "चेहरा काय बघताय, कड बघा कड." नाण्याला जिथे रेघा असतात ना, तिथे पदकाला सैनिकाचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. मग हे स्वतः भिंग लावून बसतात, ओठ हलतात, एकेक आकडा वाचतात... आणि मी दारातूनच ओळखते. नाही. हेही नाही. ते पदक पाकिटात जातं आणि पाकिटावर लिहितात, 'दुसऱ्या कुणाचं'.

मला वाटायचं छंद आहे. यांच्या थोरल्या बहिणीने, आमच्या वन्संनी, सांगितलं तेव्हा कळलं. माझे सासरे फौजेत स्ट्रेचर उचलायचे. लढाईवरून परत आले ते एक पदक घेऊन. डबीत ठेवलेलं असायचं. हे नऊ वर्षांचे. वर्गात एक मुलगा होता, काहीही देऊन काहीही घ्यायचा, त्याला सगळे 'अदलाबदल' म्हणत. यांनी त्याला पदक दिलं आणि सायकलची घंटी घेतली. सायकल नव्हती हो, नुसती घंटी. संध्याकाळभर घरात वाजवत बसले. सासऱ्यांनी डबी उघडली, रिकामी पाहिली, झाकण लावलं आणि म्हणाले, "आवाज चांगला आहे." संपलं. पुढे बावीस वर्षं जगले, एका शब्दाने विचारलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं की नाही? तेव्हा एक थोबाडीत दिली असती ना, तर आज माझं कपाट मोकळं असतं!

तर गेल्या वर्षी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी निघाली आणि त्यात हा अदलाबदल सापडला. दातांचा डॉक्टर झालेला, आता घरी बसलेला. आम्ही गेलो. यांनी चहाला हात लावला नाही, एकदम म्हणाले, "माझ्या वडलांचं पदक." तो म्हणाला, "कुठलं रे? माझ्याकडे तीन आली होती. तीन पोरांकडून." आत गेला, खोकल्याच्या गोळ्यांचा जुना डबा आणला. तिन्ही एकाच लढाईची, एकसारखी. यांनी भिंग काढलं. पहिलं पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसरं पाहिलं, मग परत पहिलं. तिन्ही कडा कानशीने घासून सपाट केलेल्या.

"का घासलीस रे?" एवढंच म्हणाले हे.

तो खिडकीकडे बघत म्हणाला, "नावं तुमच्या बापांची होती. मला पोरांना सांगायचं होतं, माझ्या बापाची आहेत म्हणून. तो लढाईवर गेला तो गेलाच. पदक सोड, टोपीसुद्धा आली नाही घरी."

इतकी वर्षं मनात किती भांडण रचून ठेवलं असेल यांनी, पण भिंग पुसून खिशात घातलं. तो म्हणाला, "घेऊन जा तिन्ही." यांनी डबा उचलला, दारापर्यंत गेले आणि थांबले. म्हणाले, "एक ठेव तू." पण कुठलं? जे ठेवायचं तेच यांच्या वडलांचं निघालं तर? दोन म्हातारी माणसं दारात उभी, हा म्हणतो तू ने, तो म्हणतो तू ठेव. शेवटी मीच बोलले. म्हटलं, सहा महिने आमच्याकडे, सहा महिने तुमच्याकडे, तिन्ही एकत्र.

झालं. तेव्हापासून हे रोज सकाळी तिघांना बाहेर काढतात, मऊ फडक्याने हात न लावता पुसतात, एकेकाकडे बराच वेळ बघतात. वजनही करत नाहीत. मी विचारलं, "अंदाज काय, कुठलं?" तर म्हणाले, "मधलं वाटतं कधी कधी." दुसऱ्या दिवशी मधलं कुठलं तेच आठवेना.

माझं लग्न ठरलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, घर चांगलं आहे, सासरा नाही, कुणाचं करावं लागणार नाही. आता मोजा, तीन सासरे झाले. येत्या शनिवारी त्यांना त्या दातांच्या डॉक्टरकडे पोचवायचंय, आणि हे कालपासून माझ्यामागे, "तूच फोन कर ना त्याला, अजून महिनाभर राहू देत म्हणावं." म्हणजे सासरे माझ्याकडेच राहू द्या म्हणून भांडणारी सून मीच... केला फोन. पंधरा दिवस मिळालेत.