पोटाशी वाजलेली शिट्टी

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले संस्थेचे पदाधिकारी, मुख्याध्यापक सर, आजच्या सत्कारमूर्ती आणि माझ्या सासूबाई, शिक्षकवृंद, आजी-माजी विद्यार्थी, आणि पहिल्या दोन रांगा अडवून बसलेली आमच्या घरची मंडळी,

घरच्यांतर्फे सुनेनं दोन शब्द बोलावेत, असं ठरलं. मला कुणी विचारलं नाही, पत्रिकेत नाव छापलेलं बघून कळलं. मघाशी कुणीतरी खुर्ची पुढे केली, त्यांची मी आभारी आहे, पण मी उभ्यानंच बोलते. बसलं की बाळाचं डोकं बरगडीखाली रुततं. हो, डोकं वर आहे. हे आपल्याला नवीन नाही, आख्ख्या वस्तीला ठाऊक आहे. आत्ता हार स्वीकारताना अध्यक्ष महोदयांनीही मला हळूच विचारलं, "काय, वळलं का?"

नाही वळलं, सर.

आधी आईंविषयी बोलते, कारण त्यासाठीच आपण जमलो आहोत. आई खेळाच्या शिक्षिका. मुलं त्यांना मागून शिट्टीबाई म्हणतात, ते त्यांना माहीत आहे आणि मनातून आवडतंही. मुलींच्या संघाला बूट मिळेनात, तेव्हा त्यांनी आख्खा संघ संस्थेच्या कार्यालयासमोर अनवाणी उभा केला होता, आणि बूट आले. पदाधिकारी हसताहेत, म्हणजे आठवतंय. पाय मोडलेल्या एका मुलीला पाठुंगळी घेऊन मैदानापासून दवाखान्यापर्यंत धावत गेल्या होत्या, त्याही याच. अशा बाईची सून म्हणून या घरात येताना मला अभिमान वाटला होता. खोटं कशाला बोलू, आजही थोडा वाटतो.

मग माझा आठवा महिना सरत आला आणि सोनोग्राफीत दिसलं की बाळ आत बसून आहे, डोकं वर आणि ढुंगण खाली. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, असं होतं, यात कुणाचं काही चुकत नाही. अजून आपोआप वळू शकतं. नाही वळलं तर दवाखान्यात, सोनोग्राफीवर लक्ष ठेवून, पोटावरून हातानं वळवून बघू. तेही नाही जमलं तर ऑपरेशन करू. मला एवढा धीर आला की येताना मी बाळासाठी टोपडं घेतलं. तो धीर घराच्या उंबऱ्यापर्यंत टिकला.

आईंनी पहिलाच प्रश्न विचारला, "तू काय केलंस?"

अध्यक्ष महोदय, मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोर बसलेल्याला खालची ओळ दिसत नसेल तर, "काय केलंत हो तुम्ही?" असं मी त्याला विचारत नाही. पण आमच्याकडे चौकशी बसली. आत्या म्हणाल्या, दुकानात फार उभी राहते. काकू म्हणाल्या, फार बसते. सासरे म्हणाले, ती उताणी झोपते. त्यांना हे कसं कळलं, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून हॉलमध्ये माझी कवायत सुरू झाली. सोफ्याच्या गाद्या रचायच्या, त्यावर कंबर, डोकं खाली. घशाशी आंबट यायचं. आई हातात घड्याळ धरून उभ्या. "अजून थोडं. नाटकं नकोत." आणि शाळेत गेल्या की शिक्षकांच्या खोलीत निकाल सांगायच्या, "नाही वळलं." धावण्याच्या शर्यतीत बसकण मारलेल्या पोरीविषयी बोलावं, तसा सूर. तिथून ते दूधवाल्यापर्यंत पोचलं. वह्यांच्या दुकानदारानं सुटे पैसे परत देताना विचारलं, वळलं का. ज्या माणसाला मी आयुष्यात कधी वही सोडून काही मागितलं नाही, त्याला माझ्या पोटातली दिशा ठाऊक.

एका सकाळी आई माझ्याशेजारी गुडघ्यांवर बसल्या, गळ्यातली शिट्टी माझ्या पोटाला टेकवून जोरात वाजवली आणि म्हणाल्या, "मागे फिर."

सगळे हसले. आत्ता इथेही हसलात. माझे यजमानही हसले. ते इथेच आहेत, पुष्पगुच्छ सांभाळत बसलेत. बाळ आत दचकलं. ते फक्त मला कळलं. मी न्हाणीघरात जाऊन नळ सोडून रडले, आणि रडता रडता त्याला म्हणाले, तू बस, तुला हवं तसं बस, मी आहे. मला तेव्हा जितका राग आला होता, तितका आयुष्यात कधी आला नव्हता. परवापर्यंत.

परवा काय झालं, तेही सांगते. डॉक्टरीणबाईंनी बाळ वळवून बघायला मला याच आठवड्यात बोलावलं होतं. अजून आत जागा आहे, पुढे बाळ वाढेल, मग अवघड, असं त्या म्हणाल्या होत्या. किती वाजता यायचं, हे विचारायला मी दवाखान्यात फोन केला, तर तिथली मुलगी म्हणाली, "तुमच्या सासूबाईंनी पुढे ढकललं ना? सत्कार आहे म्हणाल्या. सून व्यासपीठावर हवी."

हारतुऱ्यांसाठी ढकललं. पोट माझं, बाळ माझं, आणि सोय या मंडपाची. मी यजमानांना विचारलं, तुम्हाला माहीत होतं? ते म्हणाले, "आईचा एवढा एक दिवस होऊ दे ना." म्हणजे माहीत होतं.

आज सकाळी मी स्वतः डॉक्टरीणबाईंशी बोलले. त्या म्हणाल्या, आजच ये, दुपारी बघते, उपाशीपोटी ये. म्हणून मी सकाळपासून काही खाल्लेलं नाही. ज्या मावशींनी पुन्हा पुन्हा बशी पुढे केली आणि शेवटी "सुनेला आमच्या हातचं चालत नाही" असं म्हणाल्या, त्यांनी मनावर घेऊ नये. हे मी घरी कुणालाच सांगितलेलं नाही. घरात सांगितलं असतं तर ठरलं असतं काहीतरी भलतंच. इथे माइक माझ्या हातात आहे.

आई, मला एकच विचारायचंय. त्या पोरीला पाठीवर घेऊन धावलात, तेव्हा तिला वाटेत विचारलं होतंत का, तू काय केलंस म्हणून? ती परक्याची होती म्हणून धावलात आणि मी घरची म्हणून थांबायचं?

वळेल की नाही, मला माहीत नाही. डॉक्टरीणबाईंनाही माहीत नाही, त्या तसं सांगतात. नाही वळलं तर माझं पोट कापतील आणि बाळ बाहेर येईल, आणि ते काही नापास होऊन आलेलं नसेल.

गाडी फाटकाशी उभी आहे. ज्यांना माझ्याबरोबर यायचं असेल त्यांनी यावं. यजमान उठलेत. अहो, तो पुष्पगुच्छ आधी खाली ठेवा. आई, तुम्ही बसा, आजचा दिवस तुमचा आहे, आणि तो तुम्ही कमावलाय. यायचंच असेल तर या, पण ती शिट्टी इथे टेबलावर ठेवून या.

संस्थेनं मला बोलायची संधी दिली, आपण शांतपणे ऐकलंत, सगळ्यांचे मनापासून आभार. बोलताना आवाज चढला असेल, मान्यवरांचा क्रम चुकला असेल, गौरवाच्या दिवशी गौरव कमी पडला असेल, तर लहान समजून पदरात घ्यावं.

बाळ उलटं बसलंय, त्याची मात्र मी कुणाचीही माफी मागत नाही.