रामटेकच्या गाडीतला डबा

नागपूरच्या एसटी स्टँडवर माझ्यापुढे विणकर नवराबायको भांडत होते. यात मी पदरचं फारसं घातलेलं नाही.

"पुष्पा, वर्षातून एक दिवस माग बंद राहते. रामटेकचा गडच चढू."

"दरवर्षी तोच गड! मले अंभोऱ्याची टेकडी चढाची आहे जी. वरून नद्यांचा संगम दिसते."

"परतीची गाडी नाही भेटली तर?"

"तर पायी येऊ."

"काहून हट्ट करतं वं? रामटेकच्या गाडीत खिडकीतून जेवणाचा डबा टाकून जागा धरली मी."

"बसा तिथंच. अंभोऱ्याची गाडी सुटून राहिली. मी एकटी चालली."

"आन् उपाशी राहशील?"

"डबा रिकामा आहे जी. भाकरी माह्या पिशवीत आहेत. तुम्ही दरवर्षी डबाच टाकता, माहीत आहे मले."

"थांब गा कंडक्टरभाऊ! माही बायको आन् माह्या भाकरी घेऊन चालला तू!"