इदरीसभाईंचे राहिलेले रोजे

मंडळी, ऐका. आज एकच प्रश्न विचारतो आणि मग गोष्टीला हात घालतो. सगळं गाव उपास करतं त्या दिवशी उपास करणं अवघड, की सगळं गाव जेवत असताना आपण एकट्याने करणं अवघड? लगेच उत्तर देऊ नका. आषाढी एकादशीला खिचडीची दोन-दोन ताटं उठवणारे पुढच्याच रांगेत बसलेत, मला दिसताहेत.

आख्यान आज पुराणातलं नाही. खाडीपलीकडच्या मोहल्ल्यातलं आहे. तिथे इदरीसभाई उंडरे राहतात. होडी चालवतात. माणूस लाखमोलाचा, पण जिभेचा गुलाम. त्यांची बायको सुग्रा. नाव सुग्रा आणि हात सुगरणीचा, म्हणजे आगीशेजारी तूपच ठेवलेलं.

तर झालं काय, मागल्या रमजानात इदरीसभाईंच्या पोटाचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, रोजे बंद. अर्धा महिना तसाच गेला. आता त्यांच्या धर्मात असं आहे, की आजारपणात रोजा सुटला तर पाप नाही, पण तो माफही नाही. बरं वाटलं की तेवढे रोजे मागाहून भरून द्यायचे. कजा रोजे म्हणतात त्यांना.

इदरीसभाई गेले मशिदीत. तिथले मौलाना तरुण, पण पक्के. भाई म्हणाले, "मौलाना, रोज्याऐवजी गरिबाला जेवू घातलं तर चालतं असं ऐकलंय."

"चालतं, चाचा. ज्याच्याने आता कधीच रोजा होणार नाही, त्याला चालतं. तुम्ही तर काल खांद्यावर फणस घेऊन चढण चढलात."

भाईंनी मग हळूच विचारलं, "सगळे एकदम ठेवायला लागतील?"

"एकदम नको. सवडीने ठेवा. फक्त पुढच्या रमजानच्या आत संपवा."

सवडीने! मंडळी, हा शब्द फार घातक. चैत्र-वैशाखात आंबे आले, लग्नं आली, तेव्हा कसली सवड? श्रावणात होड्या पाण्यात गेल्या, ताजी मासळी आली. मग आमच्याकडचे गणपती आले, आणि उकडीच्या मोदकांना नाही म्हणून शेजार दुखवणं भाईंच्या स्वभावात नाही. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या, त्या मडक्यात घालून भाजायच्या पोपट्या शेताशेतात लागल्या. आता मडक्यातल्या वाफेपुढे भल्याभल्यांचं वैराग्य उतरतं, तिथे होडीवाल्याचं काय?

असं करता करता पुढचा रमजान दाराशी आला. तेव्हा कुठे भाईंनी पहिला कजा रोजा धरला.

आणि धरला तो सगळ्या गावाला सांगून. धक्क्यावर कोणी चहा पुढे केला, की "नको, आज माझा रोजा आहे." कोणी म्हणालं वा, कोणी म्हणालं कमाल आहे. दहा वाजेपर्यंत कौतुकावर पोट भरलं. पण कौतुक पचायला हलकं असतं हो. बारा वाजले तशी भूक उठली. रमजानात सगळा मोहल्ला उपाशी असतो, भूक वाटली जाते. आज मात्र सगळीच्या सगळी एकट्या इदरीसभाईंच्या वाट्याला आली होती.

घरी आले तर दारातूनच तळलेल्या बांगड्याचा वास. भाई तडक स्वयंपाकघरात. "सुग्रा, माझा रोजा आहे आणि तू मासे तळतेस?"

"तस्नीमसाठी तळतेय. अंगावर पाजणारी पोर आहे, तिला का उपाशी ठेवू?" तस्नीम म्हणजे त्यांची सून. पाटावर बसून जेवत होती.

"तिचं ठीक आहे. पण तू तरी माझ्यासमोर जेवू नकोस."

सुग्राभाभींनी तव्यावरचा बांगडा उलटला. सून मात्र बोलून गेली, "अब्बा, अम्मी कुठे जेवतायत? त्यांचाही रोजा आहे."

"तिचा कसला? तिचं काय ऑपरेशन झालं होतं?"

सुनेने मान खाली घातली. आणि मग भाईंच्या डोक्यात हळूहळू उजेड पडला. मंडळी, बाईला महिन्याचे दिवस येतात. त्या दिवसांत तिला रोजा नाही. पण तेही रोजे मागाहून भरायचे असतात. दर रमजानचे. दर वर्षी.

"म्हणजे लग्न झाल्यापासून?" भाईंनी विचारलं.

"लग्नाच्या आधीपासून."

"आणि त्या दिवशी मला दुपारी वाढायचीस ते?"

"वाढायला काय झालं? हाताला थोडाच रोजा असतो?"

"मग मला कधी कळलं कसं नाही?"

भाभी शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जेवत होतात."

भाई तिथेच बसले. त्यांना एक दुपार आठवली. कालवण अळणी झालं म्हणून त्यांनी ताट सरकवलं होतं, हाताची चव गेली तुझ्या, असंही म्हणाले होते. सुग्रा त्या दिवशी कालवण चाखू शकत नव्हती, हे त्यांना आत्ता, इतक्या वर्षांनी समजलं. माणूस कढईपाशी उभा राहून उपाशी होता, आणि ते मिठावरून भांडत होते.

मग ते म्हणाले, "तुझे अजून किती राहिलेत?"

"आजचा शेवटचा. पण तुमच्या सोबतीला ठेवीन मी आणखी. एकट्याला जड जातं."

"नको," भाई म्हणाले. "तू जेव. मी वाढतो."

आणि खरंच वाढलं हो त्यांनी. दुसऱ्या दिवशी रोजा धरून माणूस भर दुपारी चुलीपुढे. बांगडा एका बाजूने काळा, दुसऱ्या बाजूने कच्चा, परत काळा. भाकरी सुनेने केली म्हणून वाचली. सुग्राला पाटावर बसवलं, ताट पुढे ठेवलं आणि समोर बसून विचारलं, "जमलंय का?"

भाभींनी घास घेतला. "करपलंय," म्हणाल्या. मग दुसरा घास घेतला. "पण गरम आहे. या घरात मी कधी गरम जेवले नव्हते."

राहिलेले सगळे रोजे इदरीसभाईंनी तसेच पार पाडले. धक्क्यावर एका शब्दाने कोणाला सांगितलं नाही. मला कळलं तेही, मी होडीत बसून त्यांना लाडू खा खा म्हणून पिच्छा पुरवला तेव्हा.

तर मंडळी, सुरुवातीचा प्रश्न तुम्हीच सोडवा. मी त्याहून सोपं सांगतो. आता टाळ खाली ठेवून घरी जाल, हातपाय धुवाल, ताटावर बसाल. पहिला घास उचलण्याआधी जरा मान वर करा. वाढणाऱ्या माउलीला विचारा, तू जेवलीस का? ती हो म्हणेल. तेवढ्यावर विश्वास ठेवू नका. उठा, आणि तिचं ताट वाढा. देव ताटाच्या पलीकडच्या बाजूला उभा असतो, इतकंच मला माझ्या विठ्ठलाने आणि इदरीसभाईंच्या होडीने शिकवलं.