सुरयांच्या बेटाला वळसा

गावकरी मंडळी, आयाबहिणींनो, आन् माई, तुमी. बाईमाणसानं सभेत उभं राहून बोलायची आपल्यात रीत न्हाई. पर माईंनीच सांगितलं, "शेवटच्या दिवशी ह्यांच्यासंगं तू होतीस. तूच बोल." म्हणून उभी हाय. चुकलंमाकलं तर सांभाळून घ्या.

तुमी गुरुजींना शाळेत वळखलं. म्या नावेत वळखलं. माझे धनी गेल्यापासनं धरणाच्या पाण्यावर नाव मीच चालवते. वैशाखात शाळेला सुट्टी लागली की गुरुजी धक्क्यावर हजर. "चंद्राबाई, चला. सुरय मोजायचेत."

पाणी उतरलं की धरणात मधोमध वाळूचं बेट उघडं पडतं. तिथं सुरय येतात. करड्या पाठीची, पिवळ्या चोचीची पाखरं. वाळूत नुसता खळगा करायचा आन् त्यात अंडी घालायची. बंदुकवाले पाव्हणे तिथंच शिकारीला उतरायचे. गुरुजी कचेरीत गेले, म्हणाले, उन्हाळाभर बेट बंद करा. साहेब म्हणाले, "पाखरं किती, ते दरसाल मोजून आणा. मग बघू."

आपुन हसलो. हसलो का न्हाई? "मास्तर पाखरांची हजेरी घ्यायला लागला," म्हणालो.

पहिल्या साली आमी थेट बेटावर उतरलो. भर दुपार. पाखरं उठली, डोक्यावर ओरडत फिरली. गुरुजी खुशीत मोजत होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तर कितीतरी खळगे सोडलेले. गुरुजींनी एक अंडं उकललं. आत पिल्लू मेलेलं. ते तिथंच बसले. घरनं आणलेली भाकरी सोडली न्हाई. म्हणाले, "आई पोट भिजवून येते आणि अंड्यांवर बसते. तेवढाच त्यांना गारवा. तिला आपण उठवलं, चंद्राबाई."

तवापासनं ते बेटावर कधी उतरले न्हाईत. पल्याडच्या काठावर बसायचे, जुन्या दुर्बिणीतनं मोजायचे. झाड न्हाई, झुडूप न्हाई, नुसता तापला खडक. मी म्हणायची, "गुरुजी, सकाळी मोजा की."

"सकाळी निम्मी मासे धरायला जातात. उन्हाच्या वक्ताला सगळी जागेवर असतात."

"मग मांडव घालू?"

"ठोकाठोक झाली की उठतील."

यंदा गुरुजींच्या अंगात ताप होता. माईंनी उंबऱ्यात अडवलं. तरी आले. ओलं उपरणं डोक्यावर, दुर्बीण हातात. मोजणी झाली, आकडा मला सांगितला, उठले आन् कोसळले. अंग तव्यावानी. कसंबसं नावेत घातलं.

मंडळी, गावाकडं यायची सरळ वाट बेटाला घासून जाते. म्या तिकडंच वल्हं मारलं. गुरुजींनी डोळं उघडलं, माझा हात धरला. "वळसा घाल."

म्या म्हणलं, "गुरुजी, जीव हाय तर समदं हाय."

"वळसा घाल, बाई."

म्या वळसा घातला. पाखरं उठली न्हाईत. घरी पोचेपर्यंत गुरुजींची शुद्ध गेली, ती परत आली न्हाई.

वैद्यबुवा म्हणतात, सरळ आली असतीस तरी वाचले नसते. म्हणत असतील. मला झोप येत न्हाई. माईंच्या पायावर डोकं ठेवलं, तर त्या म्हणाल्या, "ऐकलंस ह्यांचं, बरं केलंस." आन् तोंड फिरवून रडल्या. काय बरं झालं, माई?

आकडा कचेरीत पोचता केलाय. जबाब आलेला न्हाई.

परवा माईंना काठावर नेलं. पिल्लं निघालीत. वाळूच्याच रंगाची, पळाली तरच दिसतात. माई दुर्बिणीतनं बघत मोजायला लागल्या. डोळं भरलं, आकडा चुकला. पुन्हा पयल्यापासनं मोजायला लागल्या. ही पिल्लं बघायला गुरुजी पायजे होते.

आता समदे उभे राहू. त्या काठावर गुरुजी माझ्याकडं एवढंच मागायचे, की जरा वेळ बोलू नका. आज तरी त्यांचं ऐकू.