दोन बोटांची फट

हार्डवेअरच्या दुकानात बिजागऱ्या घ्यायला एक तरुणी रांगेत उभी होती. पुढे एका शाळेचे मुख्याध्यापक आणि त्यांच्या शाळेला कुंपण घालून देणारी बाई यांची चांगलीच जुंपली होती.

"अहो ताई, महिन्याभरात कुंपण आडवं झालं!"

"सर, फळ्यांमधल्या फटींवर पत्रे कुणी ठोकले?"

"आम्हीच. रस्त्यावरची माणसं आत डोकावत होती."

"मग त्याचं शीड झालं. इथला वारा अडवलात, तर तो खांबासकट उपटणारच."

"खांब आणखी खोल पुरा ना!"

"तीन फूट पुरले होते. आता पाताळात नेऊ?"

"परत उभं करा, पण फट नको. नाहीतर मी दुसरा माणूस बघतो."

"खुशाल बघा. मी उभं केलं, तर दोन बोटांची फट राहणार म्हणजे राहणारच."

"फार हट्टी आहात हो!"

"आहेच. रविवारी पडलं म्हणून निभावलं, सर. एरवी पहिलीची पोरं त्याच कुंपणाच्या सावलीत डबा खातात."

मुख्याध्यापक नव्या पत्र्यांच्या ढिगाकडे वळले. दुकानदाराने विचारलं, "सर, पत्रे किती काढू?"

"एकही नको," कुंपणवालीच म्हणाली. "त्यांना पहार द्या. ठोकलेले उचकटायचेत."

मुख्याध्यापकांनी एकदा कुंपणवालीकडे पाहिलं.

"मोठी द्या," ते म्हणाले.