बिस्किटांच्या डब्यातला फोटो

...आणि वर लोक मलाच विचारतात, 'ईदच्या दिवसांत तसला डबा घरात ठेवलाच कशाला?' मग कुठे ठेवू, मशिदीत? मी एकच सांगितलं होतं. डबा उघडायचा नाही.

तुम्हाला सांगतो, आमच्या लग्नात नदीला पूर आला आणि फोटोवाला पलीकडेच राहिला. तेव्हापासून चव्वेचाळीस वर्षं आमच्या बायकोचं, कातिनीचं, एकच... "आपण मेल्यावर पोरांनी भिंतीवर काय लावायचं हो, तुमची टोपी?" फोनमधले फोटो तिला चालत नाहीत. लेक वेनिंग शाळेत मास्तरीण, बिस्किटांच्या डब्याचे कॅमेरे करायला शिकवते. मला म्हणते, "बाबा, तुम्हाला नाही जमायचं. धीर लागतो." धीर? मी जोगजा शहराच्या बाजारात जन्मभर फुटक्या पातेल्यांना डाख लावला. डब्याला आतून काळा रंग दिला, पत्र्याच्या तुकड्याला सुईने भोक पाडलं, त्यावर काळी पट्टी चिकटवली, वेनिंगने दिलेला फोटोचा कागद न्हाणीघरात दार लावून, अंधारात चाचपडत आत बसवला. झालं.

अंगणात दोघं बसलो. शेजारच्या तार्जोने पट्टी काढली आणि मोजायला लागला. चार मिनिटं हलायचं नाही, बोलायचं नाही... आणि कातिनी गप्प बसली हो. तार्जो मोजायचाच विसरला. म्हणाला, "दादा, वहिनींना बरं नाही का?"

पट्टी परत लावली. कागद आत. वेनिंग फोटो धुवायची औषधं घेऊन येणार ईदच्या तिसऱ्या दिवशी, तोवर उजेडाचा एक थेंब आत गेला की फोटो मेला. म्हणून, डबा उघडायचा नाही.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. ईदला घरोघरी बिस्किटांचा डबा, आणि आत बिस्किटं कधीच नसतात, असतात तळलेल्या भाताच्या चकत्या. तरी पाहुणा उघडून बघतोच. मी डब्यावर लिहिलं, 'उघडू नये'. तिथेच चुकलं. तार्जोची बायको म्हणते, "अगंबाई, म्हणजे यंदा खरी बिस्किटं." दुपारपर्यंत गल्लीभर झालं. शेवटी डबा मांडीवर घेऊन बसलो. ईदला थोरांची माफी मागायची आपली रीत, तशी लोक माफी मागायला वाकायचे, माझ्या पाया पडायचे, नजर डब्यावर. सरपंचांच्या हातावर चापट मारली मी. ईदच्या दिवशी.

तीन दिवस. जेवताना मांडीवर, झोपताना उशाला. तिसऱ्या दिवशी फाटकात वेनिंगची मोटारसायकल वाजली. म्हटलं, सुटलो. कातिनीने चहा आणून ठेवला. घोट घेतला. तोंडात काहीतरी कुरकुरीत हवं की नको? हात आपला गेला... आणि जन्मभर जे केलं तेच त्याने केलं.

झाकण एका हातात, चहा दुसऱ्या हातात. पांढरा कागद माझ्याकडे बघत हळूहळू जांभळा पडत गेला. दारात वेनिंग. मग कातिनी वाकून आत बघते आणि म्हणते, "बिस्किटं निघाली का हो?"

वेनिंगकडे दुसरा कागद होता. "परत बसते," कातिनी म्हणाली, "पण गप्प बसणार नाही. एकदा बसले, काय मिळालं?"

तो बघा, भिंतीवर. मी खांबासारखा स्पष्ट. तिच्या तोंडाच्या जागी नुसता धूर. मी मेल्यावरही ही माझ्या शेजारी बसून बोलतच राहणार.

असो. चहा निवतोय. उघडा तो डबा, चकत्या आहेत.